चहाला गेलेली माणसं

आमच्या कार्यालयात कुणी कधी गैरहजर नसतं. माणूस चहाला गेलेला असतो. फार तर साहेबांबरोबर बैठकीत असतो, नाहीतर कुठेतरी एक कागद पोचवायला गेलेला असतो, पण बहुतेक चहालाच. बाहेरचा कुणी येऊन विचारतो तेव्हा शेजारच्या टेबलावरचा माणूस मानही वर न करता सांगतो, "अभी यहीं थे, चाय पीने गए हैं." विचारणारा जबलपूरचाच असतो, त्यालाही सगळं कळतं. तो बाकावर बसून घेतो.

हे नुसत्या तोंडानं निभत नाही, टेबलही तसं तयार ठेवावं लागतं. सकाळी फडकं मारून झालं की तुळशीराम, आमचा शिपाई, प्रत्येकाच्या टेबलावर त्याची त्याची वस्तू मांडतो. आंघोळ घालून झाल्यावर देव मांडावेत तशी त्याची ती मांडणी चालते, अगदी मन लावून. सौमित्र डांगेंच्या खुर्चीवर करडं जाकीट, भर मे महिन्यातसुद्धा. श्रीरंग भैयाचं टोपण काढलेलं पेन आणि अर्धी उघडलेली नस्ती. फाइलला इकडे नस्ती म्हणतात. बडे बाबूंचा, म्हणजे आमच्या हेडक्लार्कचा, डबा. तो रिकामा असतो, जेवायचा डबा ते घरून वेगळा आणतात.

आणि माझ्या नवऱ्याचा, नीलकंठचा, जुना चष्मा. घरी मी तो चष्मा कितीदा शोधला होता. काच बदलून आमच्या मुलीच्या, नेहाच्या, आजोबांना देऊ म्हणत होते. नीलकंठ म्हणायचा, असेल कुठेतरी, मिळेल. तो इथे असायचा, नस्तीवर उघडा ठेवलेला. चष्मा उघडाच ठेवायचा असतो हे मला नंतर तुळशीरामनं सांगितलं. मिटून ठेवला तर माणूस घरी गेला असं वाटतं म्हणे.

हे सगळं मला आता ठाऊक आहे, कारण त्या टेबलावर आता मी बसते.

नीलकंठ गेला तो दिवस थंडीचा होता. सकाळी दीक्षितपुऱ्यातल्या आमच्या घरून डबा घेऊन, मफलर गुंडाळून तो स्कूटरवर निघाला. मदन महलच्या अलीकडे त्याला काहीतरी व्हायला लागलं असणार. स्कूटर त्यानं नीट स्टँडवर लावली होती, कुलूपसुद्धा घातलं होतं. मग एका बंद दुकानाच्या पायरीवर बसला आणि तिथेच कलंडला. लोकांनी ऑटोत घालून सरकारी दवाखान्यात पोचवलं, तेवढी माणुसकी दाखवली. मोबाईल कुणीतरी उचलला, तेवढीही दाखवली. ओळखपत्र स्कूटरच्या डिकीत होतं. म्हणून दवाखान्यात तो 'अज्ञात पुरुष' झाला.

दुपारी मी त्याला कोथिंबीर आणायला सांगावं म्हणून फोन केला. वाजत राहिला. थोड्या वेळानं केला तर बंद. म्हणून मी कार्यालयातल्या जुन्या फोनवर केला. सौमित्रनं उचलला. तो मदन महलचा, आमच्यासारखाच पिढ्यान् पिढ्या इकडे राहिलेला मराठी माणूस, नीलकंठचा जुना दोस्त.

"वहिनी, आत्ता इथंच होता," तो म्हणाला, "चहाला गेला. आला की सांगतो."

मी डाळ शिजायला टाकली. पुन्हा एकदा फोन केला तेव्हा म्हणाला, "साहेबांसंग बैठकीत आहे वहिनी. तिथं मोबाईल बंद करायला लावतात." मला बरं वाटलं. खरं सांगायचं तर थोडा रागही आला, की बैठकीसाठी मोबाईल बंद करतो, मी बोलत असते तेव्हा मात्र मान खाली घालून त्यातच बघतो. त्या रागात मी दुपारची झोप काढली.

संध्याकाळ उलटून गेली तरी तो आला नाही, तेव्हा मी सौमित्रच्या मोबाईलवर फोन लावला. माझं ऐकून त्याचा आवाज एकदम खाली आला. मग म्हणाला, "वहिनी, खरं सांगू का? आज मी त्याला पाहिलाच नाही. चष्मा टेबलावर होता न."

सौमित्र, नेहा आणि मी त्याला शोधत सरकारी दवाखान्यात पोचलो तेव्हा तो गेलेला होता. लवकर आणलं असतं तर वाचला असता का, या प्रश्नाला डॉक्टरांनी डॉक्टर देतात तसलं उत्तर दिलं. एका नर्सनं मात्र सांगितलं की दुपारपर्यंत ते बोलत होते. "कुछ तो बोल रहे थे, समझ में नहीं आया. मराठी होगी?" मी विचारलं, शब्द कसे होते, एखादा तरी. तिला दुसऱ्या पेशंटकडे जायचं होतं. ती गेली.

सौमित्रवर राग धरायचा मी मनापासून प्रयत्न केला. धरवेना. त्यानं नीलकंठसाठी जे केलं ते नीलकंठनं त्याच्यासाठी वर्षानुवर्षं केलं असणार, आणि चांगुलपणानंच केलं असणार. मी त्या दिवशी रडले, दुसऱ्या दिवशीही रडले. मग ते थांबलं, आणि त्याबरोबर बाकीचंही थांबलं. भाजीत मीठ पडलंय की नाही ते मला नेहाच्या तोंडाकडे बघून कळायचं. लोक म्हणायचे, विभावरी खंबीर आहे. खंबीर कसली, मी बधिर झाले होते. दाताच्या डॉक्टरानं सुई दिल्यावर गाल होतो तशी.

मग अनुकंपा नियुक्तीचं सुरू झालं. नवरा नोकरीत असताना गेला तर बायकोला नोकरी मिळते, पण ती काही पदरात आणून टाकत नाहीत. हिंदी टायपिंगची परीक्षा द्यावी लागली. या वयात मी शेजारच्या मुलांबरोबर क्लासला बसले. कागद इथून तिथे गेले, तिथून इथे आले. सरकारी काम आणि सहा महिने थांब, ही म्हण ज्यानं केली त्याला सहाच महिन्यांत सोडलं म्हणजे तो भाग्यवान. हुकूम आला तोवर नेहा शाळा संपवून कॉलेजात गेली होती.

हुकूम तिनंच वाचला. घरात मी मराठी बोलते आणि ती हिंदीत उत्तर देते, हे तिच्या लहानपणापासून असंच आहे.

"उसी ऑफिस में?"

"हो."

"उसी टेबल पर?"

"टेबलं सगळी सारखीच असतात," मी म्हटलं.

तिनं कागदाची घडी करून माझ्या हातात दिली. मग म्हणाली, "जाओ. बस मुझे कभी कोई वो वाली बात न बोले, आई. चाय वाली. तुम कहीं भी जाओ, मुझे पहले बताना."

मी तिच्या डोक्यावर हात ठेवून शब्द दिला. तिनं आणखी काही मागितलं नाही. बाप गेल्यापासून ही मुलगी फोन उचलायला जरा उशीर झाला की पांढरी पडायची, हे मला माहीत होतं. म्हणून ठरवलं की नोकरीत बाकी जे करावं लागेल ते करू, पण ते वाक्य मी बोलणार नाही आणि माझ्यासाठी कुणाला बोलू देणार नाही. पोचले की संदेश, निघाले की संदेश. बँकेत जायचं तर आधी संदेश.

पहिल्या दिवशी टेबलावर चष्मा होता. उघडा. तुळशीरामनं तो एवढे दिवस खणात जपून ठेवला होता आणि माझ्यासाठी पुसून मांडला होता. त्याला वाटलं मला बरं वाटेल. मी तो मिटला आणि खणात ठेवला.

"तो दीदी, आपका क्या रखें?" त्यानं विचारलं.

"कुछ नहीं, भैया."

तो जरा वेळ उभा राहिला. पाहुण्यानं ताटातलं काहीच घेतलं नाही की यजमानाचं होतं तसं त्याचं तोंड झालं.

रिकाम्या टेबलाचा त्रास मला नव्हता, इतरांना होता. सगळ्या टेबलांवर काही ना काही असताना एकावर काहीच नसलं की बाकीचं उगीच डोळ्यांवर येतं. मी आवकची डाक फोडायची, शिक्के मारायचे, कागद ज्याच्या त्याच्या टेबलावर द्यायचे. काम मला जमलं. त्यात न जमण्यासारखं काही नव्हतंच. नंतर अंगठ्याचं मशीनही बसलं, त्यानं थोडे दिवस घबराट उडाली. मग लक्षात आलं की मशीन सकाळी आणि संध्याकाळीच विचारतं. मधल्या वेळेचं मशीन अजून निघालेलं नाही.

एक दिवस फोन वाजला. जवळ कुणी नव्हतं म्हणून मी उचलला. श्रीरंग भैयाची बायको पूर्णिमा होती. "वो हैं क्या? मोबाइल नहीं उठा रहे."

श्रीरंग भैयाचं पेन टोपण काढून पडलं होतं. मी म्हटलं, "नहीं, आज तो आए ही नहीं."

खरं तेवढंच होतं. पण तो घरी कार्यालयाचं सांगून मित्रांबरोबर बरगीच्या धरणावर मासे धरायला गेला होता. पूर्णिमा दुसऱ्या दिवशी कार्यालयात आली, जिन्यात उभी राहून त्याच्याशी बोलली, आणि ते सगळ्यांना ऐकू आलं. त्या दिवशी दुपारी तुळशीराम चहाचा ट्रे घेऊन आला आणि माझ्या टेबलाजवळून तसाच पुढे गेला. त्यानंतरही तसंच झालं. खोलीत एवढी माणसं एकदम चहा पितात तेव्हा किती आवाज होतो ते मला तेव्हा कळलं.

सौमित्र माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाला, "वहिनी, काहून बोलल्या तसं? त्याच्या घरी काय होऊन राहिलं माहीत आहे का तुम्हाला?"

"त्याची बायको त्याला शोधून राहिली होती," मी म्हटलं.

खुर्चीवरच्या जाकिटाची बाही त्यानं सारखी केली आणि आपल्या कामाला लागला.

मी त्यानंतर फोन उचलायचं सोडून दिलं. खोटं बोलायचं नाही आणि खरं बोलायची सोय नाही, तर न उचलणं बरं. फोन वाजायचा, मी शिक्का मारत राहायची. शेवटी कुणीतरी उठायचंच. हळूहळू माझा चहा परत आला, आधी गार, मग गरम. मला त्याचा आनंद झाला नाही, पण मी तो प्यायले. माणसात राहायचं तर माणसासारखं राहावं लागतं, असं आमची आई म्हणायची, तिच्या मनात काही हे नसणार.

मग बँकेचं एक काम निघालं. सही जुळत नव्हती म्हणून स्वतः जावं लागणार होतं. मी रजेचा अर्ज लिहायला घेतला तर सौमित्र हसला. "एवढ्यासाठी अर्ज? जाऊन या न वहिनी." आणि त्यानं माझा खण उघडला, चष्मा काढला, दांड्या उघडल्या आणि माझ्यासमोरच्या नस्तीवर ठेवला. "मी आहे न. सांभाळतो."

त्याच्या चेहऱ्यावर इतकं भलं काहीतरी होतं. मला एवढं तरी करू द्या, असं काहीसं. मी नाही म्हणायला हवं होतं. मला नाही म्हणायचाही कंटाळा आला. नेहाला संदेश केला, बँकेत चाललेय, आणि गेले. परत आले तर चष्मा होता तसाच. कुणी विचारलंच नव्हतं.

दुसऱ्या दिवसापासून तुळशीराम तो रोजच मांडायला लागला. मी मिटला नाही. त्याला बरं वाटलं, सगळ्यांनाच बरं वाटलं. श्रीरंग भैयानं त्या दिवशी मला विचारलं, "दीदी, समोसा लेंगी?" मी घेतला.

नीलकंठचा चष्मा असा समोर उघडा असायचा आणि मला काही वाटायचं नाही. कधी एखाद्या कागदाकडे बघता बघता त्या काचांकडे नजर जायची. वाटायचं, आता काहीतरी वाटेल. मग पुढचा कागद यायचा.

ज्या दिवसाबद्दल सांगायचं आहे तो दिवस इतर दिवसांसारखाच होता. दुपारी काम नव्हतं. माझ्या चपलेचा अंगठा सकाळी तुटला होता आणि मी पाय ओढत चालत होते. म्हटलं, इथल्याच गोरखपूर भागातल्या बाजारात जाऊन एक चप्पल घेऊन यावी. एवढ्यासाठी नेहाला काय कळवायचं, ती उगीच विचारत बसेल, कोणती घेतेस, फोटो पाठव. खरं म्हणजे तेही कारण नाही. मला थोडा वेळ कुणाला न सांगता कुठेतरी असावंसं वाटलं. तसं मला वाटलं हेच इतक्या दिवसांनी नवीन होतं, म्हणून मी जास्त विचार केला नाही. नीलकंठचीच स्कूटर, ती आता मी चालवते. सौमित्रला नुसती मान हलवली. त्यानंही हलवली.

दुकानदारानं तपकिरी चपला दाखवल्या, काळ्या दाखवल्या. मी दर वेळी अशाच घेते, मळत नाहीत. मग त्यानं एक जोडी काढली, मेंदीच्या रंगाची, अंगठ्याजवळ बारीक पितळी फूल. पायात घालून मी आरशासमोर उभी राहिले. त्या दुकानातला आरसा फक्त गुडघ्यापर्यंतच होता. त्यात माझे पाय दिसत होते, दुसरं काही नाही, आणि ते पाय चांगले दिसत होते. मला ती चप्पल आवडली. आवडली म्हणजे हवीशी वाटली. किती दिवसांत मला काही हवंसं वाटलं नव्हतं. मी पाय इकडून तिकडून बघत राहिले, दुकानातल्या दुकानात चालून बघितलं, आणि दुकानदार म्हणाला, "दीदी, आप पर जँच रही है," तर मला लाजही वाटली. खोक्यातच घेतली. नवी चप्पल कार्यालयात घालून गेले तर सगळे विचारतील म्हणून तुटकीच पायात ठेवली.

मोबाईल पर्समध्ये होता. साहेबांना घंटी वाजलेली चालत नाही म्हणून त्याचा आवाज सकाळपासून बंद होता. तो चालू करायचं माझ्या ध्यानातही आलं नाही.

परत आले तेव्हा सौमित्र माझीच वाट बघत होता, खुशीत. "वहिनी, नेहाचा फोन येऊन गेला. सिलिंडरवाला आला होता घरी, तो नंबर मागून राहिला होता, तुमच्या मोबाईलवर येतो तो. तुम्ही उचलत नव्हत्या म्हणून इथं लावला तिनं. काळजी नका करू, सांभाळलं मी. म्हटलं, आई आत्ता इथंच होती बेटा, चहाला..."

तो माझ्याकडे बघत होता आणि मी त्याच्या खुर्चीवरच्या जाकिटाकडे. खोलीतल्या इतरांना काही कळलं नाही. तुळशीराम ट्रे घेऊन आला आणि त्यानं माझा चहा चष्म्याशेजारी ठेवला.

मी मोबाईल काढला. नेहाचे फोनच फोन होते, एकाखाली एक. मी लावला. तिनं उचलला नाही. पुन्हा लावला. वाजत राहिला.

"वहिनी, घरीच असेल न," सौमित्र म्हणाला. त्याचा आवाज त्या संध्याकाळी होता तसा झाला होता. "मी येऊ का संग?"

"नको," मी म्हटलं. ती कुठे गेली असेल हे मला माहीत होतं. तिला दुसरी जागा ठाऊकच नव्हती.

स्कूटरवर मला रडू यायला हवं होतं. नाही आलं. हात व्यवस्थित चालत होते, सिग्नलला थांबले, सुटल्यावर निघाले. पायाजवळ चपलांचं खोकं होतं, ते घसरू नये म्हणून मी टाचेनं दाबून धरलं होतं. तेवढं भान मला होतं. स्वतःचा असा संताप मला आधी कधी आला नव्हता, आणि तोही लांबून आल्यासारखा, भिंतीपलीकडे कुणी भांडत असावं तसा.

दवाखान्यात अपघात विभागाच्या बाहेर एक खिडकी आहे. नीलकंठ गेला त्या दिवशीही आम्ही आधी तिथेच विचारलं होतं. नेहा तिथे होती. खिडकीत वाकून ती आतल्या माणसाशी बोलत होती, पाठ माझ्याकडे. घरातलीच स्लीपर घालून आली होती, ओढणी नव्हती. मी हाक मारणार होते, पण ती काय बोलत होती ते ऐकू आलं आणि मी थांबले.

"साँवली हैं. मुझसे थोड़ी छोटी हाइट. हरी साड़ी है, किनारी पीली. बायें हाथ में घड़ी. चश्मा नहीं लगातीं." मग जरा थांबून ती म्हणाली, "अगर होश में होंगी तो मराठी में बोलेंगी. किसी ने मराठी में कुछ बोला हो तो बताइए."

साडी हिरवीच होती. काठ पिवळा होता. सकाळी मी घरातून निघते तेव्हा ती मोबाईलमध्ये डोकं घालून बसलेली असते, म्हणून मला वाटायचं ती माझ्याकडे बघत नाही. ती रोज बघत होती. शोधावं लागलं तर सांगता यावं म्हणून बघत होती.

"सुबह से कोई अज्ञात महिला नहीं आई है, बेटा," आतला माणूस म्हणाला. वयस्क होता, शांतपणे बोलत होता. "घर पे देखा? ऑफिस में पूछा?"

"पूछा," नेहा म्हणाली.

"नेहा," मी हाक मारली.

ती वळली. धावत आली नाही, रडली नाही, ओरडलीही नाही. तिनं मला वरपासून खालपर्यंत पाहिलं, अगदी जसं वर्णन केलं होतं त्या क्रमानं, साडी, काठ, हात. मग तिची नजर माझ्या काखेतल्या खोक्यावर गेली. स्कूटरवर ठेवून यायचं मला सुचलंच नव्हतं. खोक्यावर चपलेचं चित्र होतं. ते ती बघत राहिली.

"नवी चप्पल," मी म्हटलं. "माझी तुटली होती."

तिनं माझ्या पायांकडे बघितलं. अंगठा तुटलेली चप्पल पायातच होती. तिचा चेहरा कोरडा होता. असा चेहरा मी रोज आरशात बघते, पण तिच्या वयाच्या मुलीवर तो बघायची माझी तयारी नव्हती. त्या क्षणी मला कळलं की माझं बधिरपण माझ्या एकटीचं राहिलेलं नाही, आणि हे तिला मी दिलं, सौमित्रनं नाही.

खिडकीतला माणूस मान बाहेर काढून बघत होता. त्याला मनापासून बरं वाटलेलं दिसत होतं.

"मिल गईं मम्मी?" त्यानं विचारलं. "कहाँ थीं?"

नेहानं माझ्या काखेतलं खोकं काढून घेतलं आणि आपल्या अंगाशी धरलं, त्यावरचं चित्र आतल्या बाजूला करून.

"वहीं थीं," ती म्हणाली. "चाय पीने गई थीं."

तो समजल्यासारखी मान हलवून आत गेला. नेहा दाराकडे चालायला लागली, आणि मी पाय ओढत तिच्या मागून गेले.